पंच्याखालची बोलणी

धरणे आंदोलनाची सतरंजी पंचायत समितीच्याच भांडारातून येत असे. आदल्या दिवशी अध्यक्ष कार्यालयात येऊन शिपायाला सांगत, "उद्या आमी बसतोय. निळी काढ. लाल नको, तिच्यात ढेकणं हायेत." शिपाई निळी सतरंजी झटकून पायऱ्यांच्या बाजूला, सावली जास्त वेळ राहते त्या कडेला अंथरून ठेवी. पिण्याच्या पाण्याचा पिंपही कार्यालयाचाच. मग अध्यक्ष आत जाऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारत, "साहेब, उद्या जेवायच्या आधी निवेदन घेताल का जेवून?" साहेब म्हणत, "जेवायच्या आधी घेतो. उपाशी बसवून ठेवणं बरं दिसत नाही." दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे घोषणा होत, ठरल्याप्रमाणे साहेब बाहेर येत, निवेदन घेताना फोटो निघे आणि आंदोलन संपे. उठताना अध्यक्ष शिक्षकांना बजावत, "सरकारी वस्तू हाय. नीट घडी घाला."

घोषणांबाबत त्यांचा एक नियम होता. साहेबांचे नाव घ्यायचे नाही, जिल्हा परिषदेचे घ्यायचे नाही. जे काय म्हणायचे ते मंत्रालयाला म्हणायचे. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "मुंबईला ऐकू जात न्हाई. म्हणून कुणाला लागत बी न्हाई."

अध्यक्ष म्हणजे तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्ष. जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारचे तालुके. ही हकिकत त्यांपैकी एका तालुक्याची आहे. कोणत्या, ते सांगण्याची गरज नाही. दोन्हीकडचे लोक ती पलीकडच्या तालुक्याची समजतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची बरीच वर्षे मी पुण्याच्या एका दैनिकासाठी या भागाच्या बातम्या देत होतो, आणि त्या काळात अध्यक्षांची भेट चुकवणे मला फारसे जमले नाही. ते सदैव पंचायत समितीत असत.

बुटके, गोल चेहऱ्याचे, सफारीतले गृहस्थ. खांद्यावर लाल काठाचा पांढरा पंचा. साहेबांच्या दालनात ते टेबलासमोर कधी बसले नाहीत. टेबलाच्या पलीकडे, साहेबांच्या डाव्या हाताला त्यांची एक खुर्ची होती. तक्रार घेऊन आलेला शिक्षक दारातून आत पाही तेव्हा त्याला पलीकडे दोन माणसे दिसत, आणि नवखा असेल तर तो जाडसर दिसणाऱ्याला, म्हणजे अध्यक्षांना, आधी नमस्कार करी. तेही तो स्वीकारत. शिक्षक बोलू लागला की साहेबांच्या आधी अध्यक्षच विचारत, "ह्यात तुमची बी थोडी चूक हाय का न्हाई?"

त्यांचे वडील बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाल होते. बाजारातल्या सौद्याची रीत त्या भागात सर्वांना माहीत आहे. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर कापड टाकतात आणि कापडाखाली बोटे दाबून किंमत सांगतात. भोवती माणसे उभी असतात, पण आकडा कोणाला कळत नाही. दोघांचे चेहरे कोरे. सौदा जमला की कापड निघते. बैल खुंट्याला रवंथ करीत उभा असतो.

अध्यक्षांनी ही रीत जशीच्या तशी शिक्षण विभागात आणली. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले, साहेबांच्या हाताला मुंग्या आल्या असाव्यात आणि अध्यक्ष तो चोळून देत असावेत. बदल्यांच्या दिवसांत शिक्षक समोर बसलेले असताना अध्यक्ष "साहेब, जरा" असे म्हणून पंचा खांद्यावरून काढत, साहेबांच्या आणि स्वतःच्या हातावर टाकत आणि छताच्या पंख्याकडे पाहत राहत. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले अधिकारी पहिल्या वेळी दचकून हात मागे घेत. मग त्यांना सोय कळे. या पद्धतीत काही लिहावे लागत नाही, काही बोलावे लागत नाही, आणि पुढे काही नाकबूलही करावे लागत नाही. एक बोट म्हणजे हमरस्त्यावरच्या शाळेत एक बदली. मागितली तेवढी बोटे मिळाली की धरणे नाही. त्याहून कमी मिळाली तर धरणे, पण निळ्या सतरंजीवर.

"भांडणाला दोन माणसं लागत्यात," ते म्हणत. "सौद्याला तीन. तिसरा नसंल तर दोघं बी उपाशी मरतील." तिसरा म्हणजे ते.

बातमी कशी द्यायची हेही ते मला सांगत. "'चर्चेअंती समाधानकारक तोडगा' एवढंच टाका, भाऊ."

"तोडगा काय निघाला?"

"ते नका विचारू. तोडग्याला दृष्ट लागती."

त्यांनी या उद्योगात पैसे खाल्ल्याचे मी कधी ऐकले नाही. खाल्ले असते तर त्यांना समजून घेणे सोपे गेले असते. त्यांना फक्त मध्ये बसायचे होते. प्रशासन आणि संघटना यांच्यात इतके सामंजस्य झाले होते की दोघांपैकी एकालाही शाळांशी बोलण्याची गरज उरली नव्हती.

ते स्वतः शिक्षक होते, ही गोष्ट सांगायची राहिली. ती त्यांचीही राहिली होती. पगारपत्रकावर त्यांचे नाव हमरस्त्यावरच्या एका मोठ्या शाळेत होते आणि "कामगिरीवर, पंचायत समिती" असा शेरा वर्षानुवर्षे पुढे चालू होता. एका वर्षी त्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते प्रमुख पाहुणे म्हणून आले. मुख्याध्यापकांनी मुलांना ओळख करून दिली, "आज आपल्या शाळेला यांचे पाय लागले, हे आपलं भाग्य." मुलांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी शाल-नारळ घेतला आणि शिक्षकाने वर्गात रमले पाहिजे या विषयावर भाषण केले. ते त्याच शाळेचे शिक्षक आहेत हे व्यासपीठावर बसलेल्या सर्वांना ठाऊक होते. मी ते तिथेच टिपून घेतले, कारण पुढे आपल्यालाच खरे वाटणार नाही अशी शंका आली.

पश्चिमेच्या डोंगरात, बस जिथे संपते त्याच्याही वर, एका वाडीची शाळा होती. एक खोली, चार इयत्ता आणि एक बाई. बाई मूळच्या अवसरीकडच्या. डोंगरात नेमणूक झाली आणि त्या तिथेच राहिल्या. बदली त्यांनी कधी मागितली नाही. त्या दुसरा शिक्षक मागत होत्या. बाई बैठकीला खाली आल्या की शाळेला कुलूप. बाई आजारी पडल्या की कुलूप. पुढे खात्याने कळवले की येत्या जूनपर्यंत दुसरा शिक्षक मिळाला नाही तर तिसरी-चौथीचे वर्ग बंद होतील आणि ती मुले खालच्या आश्रमशाळेत जातील. वाडीतल्या लोकांनी बाईंना सरळ सांगितले होते की पोरगे पाठवू, पोरी पाठवणार नाही. म्हणजे पोरींची शाळा दुसरीत संपणार.

बाई हे सांगायला अध्यक्षांकडे आल्या तेव्हा मी कार्यालयात होतो.

अध्यक्ष म्हणाले, "तुमचा प्रश्न माझ्या काळजात हाय, बाई."

"काळजातनं काढा अन् टेबलावर ठेवा," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. पुढच्या समन्वय सभेत त्यांनी विषय मांडला, त्याच्या पुढच्या सभेतही मांडला. दोन्ही वेळा मला "सकारात्मक चर्चा" असे लिहून घ्यायला सांगितले. दोन्ही वेळा बाई शाळेला कुलूप लावून सभेला आल्या होत्या.

ठरावीक मानधनावर शिक्षणसेवक नेमायला सुरुवात झाली त्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या वाट्याला तीन नवे शिक्षक आले. एकशिक्षकी शाळा त्याहून कितीतरी जास्त होत्या. साहेब नवे होते, किरकोळ अंगाचे, पित्ताचा त्रास असलेले. सभेत सारखी बडीशेप चघळत. सभागृह भरले होते. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी भिंतीकडेच्या बाकावर.

एकशिक्षकी शाळांचा विषय पुकारला गेला. अध्यक्ष उठले, व्यासपीठावरची आपली खुर्ची साहेबांजवळ सरकवली आणि म्हणाले, "ह्यावर साहेब अन् मी जरा बोलून घेतो."

पंचा हातांवर पडला. सभागृह शांत झाले. ही शांतता आदराची होती. इतक्या वर्षांत शिक्षकांना तिची सवय झाली होती. कोणी पंख्याकडे पाहत होते, कोणी नखांकडे. अध्यक्षांचा खांदा किंचित हलत होता. साहेबांनी एकदा मान नकारार्थी हलवली, मग एकदा होकारार्थी.

बाई उठल्या. दोन पायऱ्या चढून टेबलापाशी गेल्या आणि पंच्याचे टोक धरून तो वर उचलला. परातीत झाकलेली कणीक मुरली का ते पाहतात, तसा. खाली साहेबांची तीन बोटे अध्यक्षांच्या मुठीत होती.

 अध्यक्षांना मूठ सोडायचे सुचले नाही.

"तीन," बाई म्हणाल्या. "माझा बाप बेल्ह्याला बैलं नेत व्हता. मला बोटं कळत्यात. तीन काय, अध्यक्ष?"

"बाई, खाली बसा. चर्चा चालू हाय."

"चर्चा तोंडानं करत्यात."

मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. साहेबांनी बोटे सोडवून घेतली आणि पँटला पुसली. मग, कदाचित पुसायला दुसरे काही उरले नाही म्हणून, ते म्हणाले, "तिन्ही शिक्षक रस्त्यावरच्या शाळांना द्यावेत, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे."

"अन् डोंगराला?"

"डोंगराला पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेला माझ्या पोरी शेळ्यांमागं असतील, साहेब."

अध्यक्ष आता उभे राहिले. त्यांचा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता. "बाई, तुमी एकटीचं बघताय. मला समद्यांचं बघावं लागतं. त्या तीन नव्या पोरांच्या बी अडचणी हायेत. कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न ठरलंय. अन् साहेबांनी शब्द दिलाय. शब्द मोडला तर उद्या आपल्यावर कोण इश्वास ठेवील? किती वर्षं लागली हे संबंध जमवायला."

"तुमचे संबंध राहू द्या," बाई म्हणाल्या. "बाजारात बैलाला कुणी इचारत न्हाई, ते ठीक हाय. पर मी बैल न्हाई. नोकरीला हाय."

साहेबांनी कपाळ चोळले. "बाई, मला पटतंय. पण शिक्षक आणू कुठून? तीन होते, तिन्ही गेले."

"जाऊ द्या त्यांना. चौथा तुमच्या शेजारी बसलाय."

सभागृहाला हे समजायला थोडा वेळ लागला. साहेबांनी मान वळवून अध्यक्षांकडे पाहिले. त्या पाहण्यात आश्चर्य होते. हा माणूस शिक्षक आहे हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

"तुमची मूळ शाळा कुठली, अध्यक्ष?"

अध्यक्षांनी आस्थापनेच्या कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने शाळेचे नाव सांगितले. मग जो हशा पिकला तो थांबवायला कोणी उठले नाही. ज्यांच्या बदल्या अध्यक्षांनी करून दिल्या होत्या, तेही मनापासून हसत होते. तेच जास्त हसत होते, असे माझ्या टिपणात आहे.

साहेबांनी तिथल्या तिथे अध्यक्षांना डोंगरातल्या शाळेवर नेमले. याला धाडस म्हणता येणार नाही. पंचा उचलला गेल्यावर हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पेन उचलले. बातमी मी त्याच दिवशी पाठवली. ती चार ओळींत आली. पंच्याचा उल्लेख डेस्कने कापला. विश्वसनीय वाटत नाही, असा निरोप होता.

अध्यक्ष गेले, हे नमूद केले पाहिजे. न जाण्याचे सगळे मार्ग साहेबांच्या दालनातून जात, आणि साहेब त्या दिवसांत त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. पुढचे मला बाईंनी सांगितले. पहिल्या दिवशी अध्यक्ष शेवटच्या थांब्यावरून चालत वर आले, खोलीत खुर्ची मागितली आणि ती बाईंच्या टेबलामागे, बाईंच्या डाव्या हाताला मांडली. समोर चार इयत्तांची मुले दोन माणसांकडे पाहत बसली.

"अध्यक्ष, तिकडं," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"फळ्याकडं."

शिकवणे त्यांना आठवत नव्हते. पहिल्या आठवड्यात त्यांनी पालक आणि शाळा यांची समन्वय समिती स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद घेतले. मुलांत चेंडूवरून भांडण झाले तर दोघांचे हात पंच्याखाली धरून मिटवले. चेंडू बहुतेक वेळा दोघांनाही मिळाला नाही. मुलांनी मात्र ही विद्या चटकन उचलली. पाढ्यांच्या तासाला ती दप्तराखाली बोटे दाबून एकमेकांना उत्तरे पोचवू लागली. अध्यक्षांनी डोंगरात रुजवलेले हे एकमेव ज्ञान.

पण जूनमध्ये खात्याचा माणूस मोजायला आला तेव्हा शाळेत शिक्षक दोन होते. तिसरी-चौथी राहिली. बाई बैठकीला गेल्या तर कुलूप लागत नव्हते. अध्यक्ष मुलांना अंगणात बसवून संघटनेच्या लढ्यांचा इतिहास सांगत, आणि मुले ऐकत नसत, पण शाळा उघडी असे.

दिवाळीनंतर त्यांची पाठ धरली. डॉक्टरांचा दाखला मिळाला, ते खाली आले आणि परत वर गेले नाहीत. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांच्या डाव्या हाताला खुर्ची मांडली गेली आणि काही दिवसांनी निळी सतरंजीही बाहेर आली. मात्र त्या वर्षात वाडीच्या शाळेत दुसऱ्या शिक्षकाची जागा कागदावर भरलेली होती. अध्यक्ष निघाल्यावर ती रिकामी दिसू लागली, आणि भरलेली जागा रिकामी झाली तर ती भरावी लागते. एक तरुण शिक्षणसेवक तिथे गेला आणि टिकला. जी जागा बाईंना इतकी वर्षे मागून मिळाली नाही, ती अध्यक्षांच्या नुसत्या निघून जाण्याने मिळाली.

ते निवृत्त झाले तेव्हा मंचरच्या एका मंगल कार्यालयात सत्कार झाला. आजी-माजी अधिकारी आले होते. सगळ्यांनी "प्रशासन आणि शिक्षक यांच्यातला पूल" हे शब्द वापरले. तिसऱ्या वक्त्यापासून लोक ते आधीच पुटपुटू लागले. अध्यक्षांनी उत्तरादाखल सांगितले की आपण आयुष्यात एकदाही भांडण केले नाही. ते खरे होते. डोंगरातल्या शाळेचा उल्लेख कोणी केला नाही. त्यांनीही केला नाही. त्यांच्या कारकिर्दीत खाते आणि संघटना यांच्यामुळे एखाद्या शाळेचे भले झाल्याचे माझ्या माहितीत तेवढे एकच उदाहरण आहे, आणि ते बोलणे उघड्यावर आल्यामुळे घडले. त्यांच्या खांद्यावर त्या दिवशी कोरा, इस्त्रीचा पंचा होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाण्याच्या बातमीसाठी मी त्या वाडीवर गेलो. शाळा भरलेली होती. तरुण गुरुजी अंगणात पहिली-दुसरी घेऊन बसले होते. आत चौथीतली एक मुलगी फळा पुसत होती. तिच्या हातात खडूने पांढरा झालेला, लाल काठाचा पंचा होता.

मी बाईंकडे पाहिले.

"इसरून गेले," बाई म्हणाल्या.

"परत पाठवला नाही?"

"कशाला? त्यांचा हाय. मागितला तर देईन की."

"मागितला नाही त्यांनी?"

बाईंनी मुलीला फळ्याचा वरचा कोपरा दाखवला. तो पुसायचा राहिला होता.

"मागायला वर यावं लागंल," त्या म्हणाल्या.